म्युझियममधला बांध

भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा मालकांनी मला घराच्या आधी हद्द दाखवली. गेटाजवळ गवती चहाच्या सिमेंटच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. "ह्या कुंड्या हायत न्हवं, हितपातूर आपलं," असं म्हणून त्यांनी मग किल्ली काढली. मी परभणीकडून नुकताच आलेलो, चाकणच्या एका कंपनीत पर्चेसला लागलेलो. पिंपळे सौदागरात दोन खोल्या मिळत होत्या आणि कंपनीची बस कोपऱ्यावर थांबत होती. कुंड्या कुठपर्यंत आहेत याच्याशी मला काय करायचं होतं!

महिनाभरात लक्षात आलं की कुंड्या चालतात.

रोज सकाळी मालक तोंडात मिश्री धरून अंगणात फेरी मारायचे आणि जाता जाता पायाच्या अंगठ्याने प्रत्येक कुंडीला हलकेच रेटा द्यायचे. बोटभर. जास्त नाही. पलीकडे एका मोठ्या सोसायटीचा रॅम्प होता, आणि तो वर्षागणिक अरुंद होत चालला होता. एकदा त्या सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइलमधले फोटो घेऊन आले. आयटीतला सरळ माणूस. "काका, मागच्या दिवाळीत ही कुंडी इथे होती. आता बघा कुठे आहे." मालकांनी फोटो नीट बघितला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, आणि म्हणाले, "आवो सायेब, झाड हाय. वाढनारच."

आमच्याकडे गावात याला बांध कोरणं म्हणतात. नांगरताना फाळ दरवर्षी शेजाऱ्याच्या बांधाला जरासा लागू द्यायचा, कुणी बोललं तर बैलाला शिव्या घालायच्या. मालकांचं वावर गेलं होतं, बैल गेले होते, औत गेलं होतं, पण सवय पायात राहून गेली होती. लग्नाच्या पंगतीत बसले की भात येईपर्यंत त्यांचं ताट शेजाऱ्याच्या पुढ्यात निम्मं गेलेलं असायचं. दवाखान्यात बाकावर कडेला टेकायचे आणि नंबर येईपर्यंत मधोमध मांडी घालून बसलेले असायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं माझ्या दारात सुरू व्हायचं आणि माझ्या स्वयंपाकघरात संपायचं. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "जागा गप बसत न्हाई पावनं. तुमी न्हाई सरकला, तर ती सरकती." सगळ्या भाडेकरूंना ते पावनं म्हणायचे, म्हणजे आज ना उद्या जाणारे. मी खरंच गेलो, आता मोशीच्या पुढे माझा स्वतःचा फ्लॅट आहे, आणि गॅलरीत कुंडी ठेवताना शेजाऱ्याच्या कठड्याकडे माझीही नजर जाते. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

गळ्यात जाड चेन, अंगात पांढरा सदरा, दारात पांढरी थोरली गाडी. गाडी बहुतेक वेळ उभीच असायची. उन्हाळ्यात मालक मागच्या सीटवर बसून, एसी लावून, त्यात दुपारचा चहा प्यायचे. चालवायला मुलाने ड्रायव्हर ठेवला होता, पण ती हलायची फक्त दोन कारणांसाठी. तारखेला कोर्टात आणि रविवारी म्युझियमला.

आता म्युझियमचं सांगायचं तर आधी बांधाचं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय ती इमारत कुणालाच कळली नाही.

मालकांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती सहा हात रुंद होती. वडिलांनी वाटणी करून दिली तेव्हा थोरल्याला एक वावर, धाकट्याला शेजारचं दुसरं, मध्ये बांध, आणि बांधावर एक बोरीचं झाड. पुढे भांडण जुंपलं. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे धाकट्याने कुंपणाला काट्या हव्यात म्हणून बोर छाटली. धाकट्याच्या म्हणण्याप्रमाणे मालकांनी बांध कोरून कोरून बोरीची मुळं उघडी पाडली. माझं मत विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाने हुकूम दिला : जैसे थे. निकाल लागेपर्यंत त्या पट्ट्यात कुणी काही उपटायचं नाही, लावायचं नाही, बांधायचं नाही. भावाभावांनी तो हुकूम तोंडालाही लावून घेतला. बोलणं बंद. मालक भावाचं नावसुद्धा घेत नसत, 'पलीकडचा' म्हणत. धाकटेही मालकांना 'पलीकडचा' म्हणत. त्यामुळे तिऱ्हाइताला कोण कुणाबद्दल बोलतंय हे कळायला दोन्ही वावरं माहीत असावी लागत.

मधल्या काळात शहर वावरापर्यंत आलं. एका श्रीमंत ट्रस्टला शहरासाठी कलासंग्रहालय बांधायचं होतं. दोघा भावांनी आपापली जमीन विकली. पट्टा विकता येत नव्हता, कारण तो कुणाचा हेच ठरलं नव्हतं. ट्रस्टच्या लोकांना वाटलं, सहा हातांची तर गोष्ट आहे, आज ना उद्या मिटेल. ती माणसं मुंबईची होती. बांधाची केस म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं.

केस मिटली नाही आणि इमारत तर उभी राहायला हवी होती. मग ती दोन तुकड्यांत उभी राहिली. भाकरी हाताने मोडून दोन अर्ध्या शेजारी शेजारी ठेवाव्यात तशी. मोडलेल्या कडेच्या भिंती बांधाच्या वळणाने वळत गेलेल्या, जरा कललेल्या, आणि मध्ये वरपासून खालपर्यंत फट. फटीच्या दोन्ही बाजूंना काच. वर छप्पर नाही, खाली फरशी नाही. मूळची माती, मूळचं गवत आणि मूळची ती बोर. एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात जायचं तर दार उघडून मातीत उतरायचं, फट ओलांडायची आणि समोरच्या दाराने आत शिरायचं. पावसाळ्यात या दारात छत्री देत आणि त्या दारात परत घेत.

माहितीपत्रकात या फटीला 'मौनरेषा' म्हटलं होतं. 'शहराच्या कोलाहलात कोरलेली एक मौनरेषा. इथे इमारत स्वतःलाच नकार देते.' इमारत बिचारी कशाला नकार देईल, नकार कोर्टाचा होता. पण काळ्या कुर्त्यातली माणसं लांबून लांबून यायची, फटीत उताणी पडून आभाळाचे फोटो काढायची आणि पाठीत बोरीचे काटे घेऊन जायची. एका परदेशी पाहुण्याने काटा काढून हातात घेतला आणि हाही रचनेचाच भाग आहे का, असं आदराने विचारलं. गाइडने 'हो' म्हणून टाकलं. पोटासाठी माणूस काय काय म्हणतो.

मी पहिल्यांदा गेलो तो मालकांबरोबरच. रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. "चला पावनं, वावर दाखवतो." तिकिटाच्या खिडकीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. दोघा भावांना आजन्म फुकट प्रवेश, ही जमिनीच्या व्यवहारातली अट होती. आपल्याच वावरात शिरायला तिकीट काढायचं म्हणजे काय!

मी आयुष्यात पहिल्यांदा असल्या ठिकाणी आलो होतो. काय बघायचं, किती वेळ बघायचं, काही कळत नव्हतं. मालकांना तसली अडचण नव्हती. हात पाठीमागे बांधून ते पिकाची पाहणी करावी तसे हिंडत होते. "हितं हरभरा. हितं मूग. त्या बाईचं चित्र हाय न्हवं, तितं खळं हुतं." एका मोठ्या चित्रापुढे मात्र ते थांबले. राखाडी रंगाचे फटकारे, मध्ये दोन-तीन काळे डाग, खाली बारीक अक्षरात 'अनाम' असं नाव. मालकांनी खूप वेळ बघितलं. मला वाटलं, काहीतरी आत भिडलं असावं. मग त्यांनी मान हलवली. "ह्या जाग्याला कायमच काय धड उगवलं न्हाई."

फटीच्या बाजूच्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला. पहारेकरी नुसता खाकरला. "भिंत वाकडी हाय, पर बराबर वाकडी हाय," मालक म्हणाले. "आमच्या बाच्या एका बैलाला यकच डोळा हुता. त्यो कायम हिकडंच वढायचा. म्हून बांध हितं असा वळला." त्या वळणापुढे उभं राहून वास्तुशास्त्राची मुलं वहीत काहीतरी काढत होती. मालकांनी त्यांनाही बैलाचं सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली आणि लिहून मात्र घेतलं नाही.

मग आम्ही दार उघडून फटीच्या कडेला, काचेला पाठ लावून कट्ट्यावर बसलो. समोरच्या कट्ट्यावर एक गृहस्थ बसले होते. तसाच पांढरा सदरा, तसंच नाक, खांद्यावर टॉवेल. मालक बोरीकडे बघत होते. ते गृहस्थही बोरीकडे बघत होते. बघणाऱ्याला वाटावं, दोघं झाडाला राखण बसलेत. "पलीकडचा," मालक ओठ न हलवता म्हणाले.

दोघांच्या मध्ये, फटीच्या बरोबर मधून, लहान कुंड्यांची ओळ होती. लोकांनी कुठून चालावं ते कळावं म्हणून दोन्ही वकिलांच्या संमतीने म्युझियमने त्या ठेवल्या होत्या. आता मालकांपुढे कुंड्यांची ओळ ठेवणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ते दर रविवारी दार उघडल्या उघडल्या यायचे, येरझारा घालता घालता अंगठ्याने ओळ बोटभर पलीकडे रेटायचे, आणि मग कट्ट्यावर साळसूदपणे बसायचे. ते उठून गेले की पलीकडचे उठायचे, आणि ओळ बोटभर अलीकडे यायची. म्युझियमच्या प्रमुख मॅडमना कुंड्या हलतात एवढं कळलं होतं. त्यांनी पाटी लावली : 'कुंड्यांना हात लावू नये.' कुणीच हात लावत नव्हतं.

पहारेकरी हिंगोलीचा. त्याला सगळं ठाऊक होतं. मी त्याला एकदा विचारलं, "तू सांगत का नाहीस मॅडमला?" तर म्हणाला, "कामून सांगू? आठवडाभर पुतळ्यायकडं बघूबघू डोकं दुखतंय. रईवारी एवढं तर जितं काही बघायला भेटतं."

असं कित्येक रविवार चाललं. आणि मग एका रविवारी समोरचा कट्टा रिकामा राहिला.

मालक त्या दिवशी खुशीत होते. ओळ रेटली ती रेटलेली राहिली. पुढच्या रविवारी बोटभर सोडून हातभर रेटली. तिसऱ्या रविवारी ती पलीकडच्या भिंतीला टेकायला आली. मालक कमरेवर हात ठेवून उभे राहिले. जन्मभर हवं होतं ते झालं होतं, सगळा पट्टा त्यांच्या बाजूला आला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तर पंगतीत चुकून दुसऱ्याच्या पानावर बसलेल्या माणसासारखं ते झालं होतं.

त्या आठवड्यात घरच्या कुंड्या जागच्या हलल्या नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी मला रस्त्यात गाठून विचारू लागले, "काकांची तब्येत बरी आहे ना?"

शेवटी मालक संध्याकाळी माझ्या दारात आले आणि दारातच थांबले. आत सरकले नाहीत, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "पावनं, तुमची कंपनीची बस मोशीवरनंच जाती न्हवं?"

"हो."

"न्हाई, यकांदा उतरलात तर बघा म्हनलं. मुद्दाम नको. सहज."

धाकटे मोशीला मुलाकडे राहत होते. मी शिफ्टहून येताना उतरलो. ते पलंगावर टेकून बसले होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. शब्द जड झाले होते, पण डोळे मालकांचेच.

"दादानं धाडलं का?"

"नाही, मी सहजच..."

"मोशीला सहज कोन येतं?" ते म्हणाले. मग हळूच, मुलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "कुंड्या कुटवर आल्या?"

"मध्येच आहेत," मी म्हणालो.

"खोटं बोलता पावनं. आमचा दादा हाय त्यो."

परत येऊन मी मालकांना सांगितलं की धाकट्यांची एक बाजू गेली आहे. मालक गाडीत बसून चहा पीत होते. "कंची?" त्यांनी विचारलं.

"डावी."

कपातला चहा निवून त्यावर साय धरली. मग मालक म्हणाले, "डाव्या पायानंच ढकलायचा त्यो." मला गलबलून आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. या माणसाच्या बाबतीत माझं कायम असंच व्हायचं.

पुढच्या रविवारी धाकटे आले. चाकाच्या खुर्चीत, मुलाबरोबर. आणि तेव्हा त्या नावाजलेल्या इमारतीची एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. चाकाच्या खुर्चीचा रॅम्प मालकांच्या अर्ध्याला होता. धाकट्यांच्या अर्ध्याला रुंद, देखण्या, खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या होत्या, आणि माहितीपत्रकात त्यांचंही कौतुक होतं. म्हणजे धाकट्यांना आपल्या बाजूला जायचं तर थोरल्याच्या वावरातून जाणं भाग होतं.

आम्ही काचेतून बघत होतो. रॅम्पच्या तोंडाशी त्यांनी धड असलेला हात वर केला. "हितनं न्हाई. हे त्याचं वावर हाय."

"आबा, म्युझियम आहे हे," मुलगा काकुळतीला आला होता.

"तुझं असंल."

खुर्ची वळली आणि निघून गेली. त्या दिवशी मालकांनी कुंड्यांना पाय लावला नाही. ते कट्ट्यावर बसून राहिले, समोरच्या रिकाम्या कट्ट्याकडे सरळ बघत. इतके दिवस तो कट्टा त्यांनी असा उघड कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रजा टाकायला लावली आणि मॅडमच्या खोलीत नेलं. तिथे इमारतीचे वास्तुकारही काही कामाने आले होते. मालक उभ्याउभ्याच म्हणाले, "त्याच्या बाजूनं चाकाची वाट करा."

मॅडम चांगल्या होत्या, त्यांना खरंच वाईट वाटलं. पायऱ्या तोडायच्या तर दोन वर्षांचं काम. फटीतून वाट करायची तर जैसे थे. "तुम्ही दोघांनी तडजोड केलीत तर मात्र आठवड्यात..." एवढं बोलून मॅडम थांबल्या. तडजोड झाली की पट्टा मोकळा, पट्टा मोकळा झाला की ट्रस्ट तो विकत घेऊन छप्पर टाकणार, फरशी घालणार, आणि मौनरेषेचा होणार बोळ. त्यांचा चेहरा पडला.

"एक विनंती करू का?" त्या खाली बघत म्हणाल्या. "हिवाळ्यात परदेशातून परीक्षक येणार आहेत. खास ही फट बघायला. तोपर्यंत तुमचं हे... हे मौन... असंच राहिलं तर..."

"म्हंजी आमी भांडत ऱ्हावं?"

"भांडत नाही हो! फक्त मिटवू नका."

वास्तुकार खो खो हसायला लागले. मोकळा माणूस होता. "खरं सांगू का काका? माझा मूळ आराखडा गाड्यांच्या शोरूमसारखा होता. सरळ चौकोन. तुमच्या बांधाने माझं नाव केलं. त्यामुळे मी यात बोलण्याच्या लायकीचा नाही."

मालक तडक बाहेर आले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांचा बांध फुटला. "सारी हयात समदं गाव सांगत हुतं, मिटवा, मिटवा. आन आता मिटवायला निघालो, तर ह्यास्नी भांडान पायजे!" मग वकिलाला फोन लावला. वकिलांनी त्यांना पुन्हा बजावलं, पट्ट्यात जो आधी काही करेल तो हरला. समोरचा वकील टपूनच बसलाय. एक वीटही ठेवायची नाही. "व्हय, व्हय," मालक म्हणाले आणि फोन ठेवला. "पावनं, आपली फळी बघितलीया का तुमी? गच्चीवर हाय."

फळी म्हणजे पेरणीआधी ढेकळं फोडून रान सपाट करायला बैलांच्या मागे ओढतात ती. बाभळीची, लांबरुंद, जड. गच्चीवर तिच्यावर बायका पापड वाळत घालायच्या. रविवारी ती पांढऱ्या गाडीच्या टपावर बांधली गेली. ड्रायव्हर रंगाला ओरखडे पडतील म्हणून रडकुंडीला आला होता. धाकट्यांच्या मुलाला मी फोन करून ठेवला होता, एवढंच माझं काम.

म्युझियमच्या दारात पहारेकरी आडवा आला. "मालक, माझी नोकरी जाईल की हो. जैसे थे हाय."

"तू तिकडं तोंड कर."

त्याने एका पितळी घोड्याकडे तोंड केलं. आम्ही फळी फटीत नेली आणि दोन कुंड्यांच्या मधून या दारापासून त्या दारापर्यंत आडवी टाकली. बरोबर बसली, जणू मापाने केलेली. मालक हात झटकून रॅम्पच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

धाकटे आले. दोघं समोरासमोर. कुणी कुणाकडे बघेना. धाकटे मुलाला म्हणाले, "ह्यांना सांग, मी माझ्या वावरात जानार. दुसऱ्याच्या न्हाई."

मालक मला म्हणाले, "पावनं, त्याला सांगा, दुसऱ्याचं वावर न बघता गेलं, तर गेल्यासारकं हुत न्हाई."

धाकट्यांनी विचार केला. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, डोक्यावरून चेहऱ्यावर ओढून घेतला आणि आतून म्हणाले, "चला."

मुलगा खुर्चीला हात लावणार, तेवढ्यात मालकांनी मुठी धरल्या. हरभऱ्यातून, मुगातून, खळ्यावरून, जिथे कधीच काही धड उगवलं नाही त्या जागेवरून, तोंडावर टॉवेल घेतलेल्या भावाला ते ढकलत निघाले. लोक बाजूला झाले. काळ्या कुर्त्यातल्या एकाने मोबाइल काढला, एक बाई हात जोडून उभी राहिली. बहुधा त्यांना तो एखादा प्रयोग वाटला असावा. मॅडम धावत आल्या, काचेतून त्यांना फळी दिसली, आणि त्या तोंडावर हात ठेवून जागीच उभ्या राहिल्या.

खुर्ची फळीवर चढली. निम्म्याहून पुढे गेली आणि अडली. पलीकडच्या दाराला लागून कुंड्या होत्या, मालकांनीच रेटत नेलेल्या; त्यांच्यामधून फळी गेली होती, खुर्ची जाईना.

"आलो का?" टॉवेलच्या आतून आवाज आला.

"थांब. कुंड्या हायत."

"कुटवर?"

धाकट्यांनी टॉवेलचं टोक उचललं. बघितलं. "दादा!" इतक्या वर्षांनी पहिला शब्द तो. "दादा, लय शिरलास की रं!"

"तू न्हवतास," मालक म्हणाले. "समोर कोन न्हाई, तर पाय थांबना."

धाकट्यांचं लक्ष खाली फळीकडे गेलं. ती त्यांनी ओळखली. लहानपणी दोघांना तिच्यावर वजनाला उभं करून वडील बैल हाकायचे, हे मला नंतर कळलं. "फळी टाकलीस? फोटू काढून वकिलाला दिला, तर हारशील."

"दे."

मग मालकांनी कुंड्या सरकवायला सुरुवात केली. हाताने नाही, हाताने त्यांना जमलंच नसतं. अंगठ्याने, एक एक करत, उलट्या दिशेला. वय झालं होतं, धाप लागत होती. मी पुढे झालो तर त्यांनी मला हाताने मागे सारलं. वाट मोकळी झाली, तसं मी आणि मुलाने खुर्ची पलीकडच्या कट्ट्याजवळ नेऊन वळवली. आता कुंड्यांची ओळ बरोबर मध्ये होती, वकिलांनी ठरवली होती तिथे. मालक कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

धाकट्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. ओळीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. बोरीकडे बघितलं. मग धड हाताचं एक बोट वर केलं.

"अजून बोटभर."

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्या कुंडीला अंगठा लावून ती बोटभर आपल्या बाजूला ओढून घेतली. मग दुसऱ्या कुंडीकडे वळले.